स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतरचं दुखणं: औषधाच्या सोबतीनं घरी काय करायचं आणि काय अजिबात नको

सगळ्यात आधी एक उशी शिवून घ्या. ऑपरेशनला जायच्या आधीच शिवून ठेवली तर अजून बरं. मोठी नको, दीड वीत पुरे, पत्त्यातल्या बदामाच्या आकाराची, म्हणजे मधला खळगा काखेत बसतो आणि दोन बाजू पुढंमागं राहतात. कापडाला नवीन काही आणू नका, आमच्याकडं बेळगावात शहापूर-वडगावला मागावरच्या सुती साड्या घराघरात असतात, धुऊन धुऊन मऊ पडलेली एखादी फाडा. आत सावरीचा कापूस, पण ठासून नाही, दाबली की निम्मी व्हावी एवढाच. दोन खोळी करा, एक धुण्यात एक वापरात. ही उशी काखेत धरली की दंड जखमेला घासत नाही, हाताचं वजन टाक्यांवर ओढत नाही, रात्री कुशीवर वळताना छातीशी धरता येते, आणि गावाकडनं लाल बसनं ड्रेसिंगला येणार असाल तर खड्ड्याखड्ड्याला जी कळ जाते ती निम्म्यानं कमी होते. गाडीत बेल्ट लावताना पण बेल्टच्या आणि छातीच्या मध्ये हीच उशी.

माझं डाव्या बाजूचं ऑपरेशन होऊन चार वर्षं झाली. पूर्ण स्तन काढला, काखेतल्या गाठी काढल्या, मग केमो, मग रेडिएशन, आमच्याकडं सगळे त्याला करंट देणं म्हणतात. तेव्हापासून गल्लीतल्या, भावकीतल्या, खानापूर भागातल्या, निपाणीकडच्या बायका कुणाकडनं तरी नंबर घेऊन फोन करतात आणि सगळ्यांचं विचारणं एकच असतं, "आक्का, ऑपरेशन चांगलं झालंय म्हणतात, मग एवढं का दुखालंय?" तेच सगळं एकदा नीट लिहून ठेवावं म्हणून हे लिहितेय. मी डॉक्टर नाही. मी केलेलं, फिजिओथेरपीच्या बाईंकडनं शिकलेलं आणि डॉक्टरांना विचारून खात्री केलेलं एवढंच इथं आहे.

एक गोष्ट पहिल्यांदाच सांगते, राग आला तरी चालेल. योग, मसाज, ॲक्युपंक्चर, श्वासाचे व्यायाम, भजन, हे सगळं सोबतीला आहे. जागा घ्यायला नाही. आमच्या लांबच्या नात्यातल्या एका वैनीनं ऑपरेशननंतर केमो नको म्हणून कुणाच्या तरी सांगण्यावरनं गावठी पाल्याचं औषध चालू केलं आणि परत दवाखान्यात आली तेव्हा फार उशीर झालेला. तिचं एकटीचंच असं झालं असंही नाही. अमेरिकेत येल विद्यापीठाच्या डॉक्टरांनी २०१८ साली एक अभ्यास छापला, कॅन्सर शरीरात लांब पसरलेला नसताना नेहमीचे उपचार सोडून ज्यांनी फक्त पर्यायी उपचार घेतले त्यांचं काय झालं ते बघितलं, तर स्तनाच्या कॅन्सरमध्ये मृत्यूचा धोका पाचपटीहून जास्त निघाला. म्हणून कुणी "हे घ्या, केमोची गरजच नाही" म्हणालं की तिथनं उठायचं.

आता दुखतं ते नेमकं काय. टाक्यांचं दुखणं वेगळं, ते दोनतीन आठवड्यात उतरत जातं. पण काखेतल्या गाठी काढताना तिथनं दंडाच्या आतल्या बाजूला जाणारी एक बारीक नस ताणली जाते नाहीतर कापली जाते, त्यामुळं काख, दंडाचा मागचा भाग आणि छातीची कड बधिर होते आणि त्या बधिर जागेतच मुंग्या, चमका, आग, खाज. हात लावला तर कळत नाही आणि साडीचा पदर घासला तर मात्र सहन होत नाही, असं दोन्ही एकाच जागी. मला वाटायचं आपल्याला वेडबीड लागतंय का काय. काहींना काढून टाकलेल्या स्तनालाच खाज सुटल्यासारखी वाटते, ती पण खरीच असते, मेंदूला अजून तो भाग आहेच असं वाटत असतं. छातीभोवती पट्टा आवळून बांधल्यासारखं वाटणं, तेही नेहमीचं. पण तीन महिन्यांनंतर सुद्धा दुखणं तसंच असेल तर "असंच असतंय" म्हणून गप्प बसू नका, नसांच्या दुखण्याला वेगळ्या गोळ्या असतात, साध्या पेनकिलरनं ते जात नाही. आमच्या बायकांना सोसायची फार सवय. इथं सोसून काय मिळत नाही, दुखतंय म्हणून हात हलवायचा नाही, हलवला नाही म्हणून खांदा आखडतो, आखडला की अजून दुखतं.

त्या नकोशा स्पर्शावर घरातला एक उपाय आहे आणि तो मला सगळ्यात जास्त उपयोगी पडला. जखम पूर्ण भरल्यावर, खपल्या पडून गेल्यावर, दिवसातनं दोनतीन वेळा पाच पाच मिनिटं त्या जागेवर वेगवेगळी कापडं फिरवायची. पहिल्यांदा नुसता कापूस. तो सहन झाला की जुन्या साडीचा मऊ पदर. मग रुमाल, मग टॉवेल. घाई नाही, एकेका कापडाला आठवडा गेला तरी जाऊदे. फिरवताना त्या जागेकडं बघायचं, हे महत्त्वाचं, आरशात बघा नाहीतर मान वळवून, पण बघायचं, म्हणजे डोळ्याला दिसतं की हे कापडच आहे, आणि नस हळूहळू शहाणी होते. मला पदरापर्यंत यायला महिना लागला. टॉवेल अजून पण काखेच्या मागं नको वाटतो.

आणि आता जी चूक मी केली ती तुम्ही करू नका. जुलै महिना, आमच्या बेळगावचा पाऊस तुम्हाला माहीत आहे, आठ आठ दिवस उघडत नाही, अंगात थंडी भरलेली, आणि दंडाच्या मागं सारखं ठणकायचं. मी तव्यावर खडेमीठ गरम केलं, फडक्यात पुरचुंडी बांधली आणि शेकत बसले, बरं वाटालं म्हणून तशीच दाबून ठेवली. ती जागा बधिर. चटका बसला ते मला कळलंच नाही. संध्याकाळी सुनेनं बघितलं तर रुपयाएवढा फोड. तो बरा व्हायला तीन आठवडे लागले आणि तेवढे दिवस हाताचा व्यायाम बंद. त्यामुळं बधिर जागेवर गरम पाण्याची पिशवी नको, मिठाचा शेक नको, बर्फ पण थेट नको. मान आणि पाठ आखडली असेल तर तिथं कोमट शेक घ्या, पण आधी दुसऱ्या हाताच्या मनगटावर लावून बघा. करंट चालू असताना तर त्या कातडीवर काहीच करायचं नाही, तेल नाही, हळद नाही, पावडर नाही, शेक नाही, डॉक्टरांनी दिलेलं मलम तेवढंच आणि अंगात सैल सुती कपडा.

जखमेतलं पाणी बाहेर यायला नळी लावतात, तिला ड्रेन म्हणतात, त्या ड्रेनची बाटली असते ते दिवस सगळ्यात कंटाळवाणे. बाटली हातात धरून फिरू नका, म्हाताऱ्या बायका कमरेला लावतात तशी चंची शिवा, लांब नाडीची, गळ्यात अडकवा आणि बाटली त्यात सोडा, नळी ओढली जाणार नाही. रोज सकाळी एकाच वेळेला किती पाणी आलं ते वहीत लिहायचं. साधारण २४ तासात ३० मिलीच्या खाली आलं की डॉक्टर नळी काढतात. काढल्यावर कधी कधी आत पाणी साठतं, चालताना डुचमळल्यासारखं वाटतं, घाबरू नका पण दाखवा, सुईनं काढून टाकतात.

आता हात. यावर मी जरा जास्तच लिहिणार आहे कारण इथंच सगळ्याजणी कमी पडतात. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवसापासनं, डॉक्टरांनी हो म्हटलं की, मूठ उघड-मिट, मनगट गोल, कोपर वाकव-सरळ, खांदे वर उचलून मागं गोल फिरवणं. दिवसातनं चारपाच वेळा, दहा दहा. ड्रेन असेपर्यंत हात खांद्याच्या वर न्यायचा नाही. पण त्याच हातानं केस विंचरा, ब्रश करा, चहाचा कप उचला. सासू म्हणेल, "असूदे असूदे, तू बस," तर प्रेमानं म्हणते ती, पण बसू नका.

ड्रेन निघाला की भिंत. भिंतीकडं तोंड करून वीतभर अंतरावर उभं राहायचं, दोन्ही हाताची बोटं भिंतीवर टेकवायची आणि एकेक बोट पुढं टाकत वर न्यायची, ताण जाणवला की तिथं थांबायचं, तीनचार सावकाश श्वास, मग तशीच खाली. खांदा कानाकडं उचलायचा नाही, तिथं सगळ्या फसवतात स्वतःला, हात वर गेला असं वाटतं आणि गेलेला असतो नुसता खांदा. जिथपर्यंत बोट पोचलं तिथं पेन्सिलीनं रेघ आणि तारीख. आमच्या स्वयंपाकघरात कॅलेंडरच्या बाजूला माझ्या रेघा आहेत. पहिली रेघ लाईटच्या बटणापर्यंतच होती, चांगला हात मात्र कॅलेंडरच्या खिळ्याच्या पण वर जायचा. दुसऱ्या आठवड्यात दोन बोटं वर, तिसऱ्या आठवड्यात काहीच नाही, चौथ्यात एकदम चार बोटं. काही आठवडे असे कोरडे जातात, रेघ वर गेली नाही म्हणून व्यायाम सोडू नका.

झोपून करायचा एक आहे, त्याला काठी लागते, केरसुणीचा दांडा पण चालतो. पाठीवर झोपा, गुडघे वाकवा, दोन्ही हातानं काठी पोटावर आडवी धरा आणि चांगल्या हाताच्या जोरानं दुखऱ्या हाताला घेऊन काठी डोक्याकडं न्या. दुखरा हात नुसता पाहुणा. आमच्या फिजिओच्या बाई कन्नड बोलायच्या, "कै म्याल एत्री... निधान... उसिरु बिड्री," हात वर उचला, हळू, श्वास सोडा. तो "उसिरु बिड्री" माझ्या इतका कानात बसला की अजून पण जड काही उचलताना मी आधी श्वास सोडते. खरं सांगायचं तर निम्मा व्यायाम त्याच्यातच आहे, श्वास धरून हात ताणला की स्नायू आवळतात, सोडत सोडत ताणला की दोन बोटं जास्त जातात. पेनकिलर चालू असेल तर व्यायामाच्या अर्धा तास आधी घ्या. ताणल्यासारखं वाटणं चालतं, टोचल्यासारखी कळ आली तर तिथंच थांबा, आणि व्यायामानंतर तासाभरानं पण दुखणं वाढलेलंच असेल तर उद्या थोडं कमी करा.

कधी कधी काखेतनं कोपराकडं, क्वचित मनगटापर्यंत, कातडीखाली ताणलेल्या सुतळीसारखी दोरी दिसते, हात वर केला की जास्त उठून येते. बघून भीती वाटते. ती कॅन्सरची गाठ नसते, काख उघडल्यामुळं तिथल्या रसवाहिन्या, म्हणजे अंगातलं पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या, घट्ट होऊन तसं होतं, आणि ताणण्याच्या व्यायामानं बहुतेकींची काही आठवड्यात, काही महिन्यात जाते. फक्त फिजिओला दाखवून घ्या म्हणजे तो ताण नेमका कुठं द्यायचा ते कळेल.

मालीश. आमच्या भागात बाळंतिणीला, मुका मार लागला तरी, कंबर धरली तरी चोळणारी बाई बोलवायची पद्धत आहे, आणि ती बाई चांगली असते, मनापासनं चोळते. पण ह्या हाताला आणि ह्या छातीला तसं जोरात चोळायचं नाही. टाके निघून जखम पूर्ण भरल्यावर, म्हणजे साधारण सहा आठवड्यांनी आणि डॉक्टरांना विचारूनच, व्रणाचा मसाज स्वतःचा स्वतः करायचा. बोटाला थोडं खोबरेल, दोन बोटं व्रणावर ठेवायची आणि कातडीवरनं घसरवायची नाहीत, कातडीसकट हलवायची, छोटे छोटे गोल, मग वरखाली, मग आडवं. पाच मिनिटं, दिवसातनं दोनदा. खालची कातडी बरगडीला चिकटल्यासारखी असते ती हळूहळू सुटते आणि तो आवळलेला पट्टा सैल होतो. हे करताना पहिल्यांदा मी रडले, दुखलं म्हणून नाही, चार महिन्यात मी तिथं हातच लावला नव्हता. पाठीला, पायाला, डोक्याला दुसऱ्याकडनं हलकं मालीश करून घ्यायला हरकत नाही, झोप फार छान लागते. फक्त प्लेटलेट कमी असतील, ताप असेल, पायात रक्ताची गाठ झालेली असेल तर नाही.

काखेतल्या गाठी काढल्या की हातातला रस नीट वाहून जात नाही आणि त्या हाताला सूज येऊ शकते, ती लगेचच येईल असं नाही, वर्षा-दोन वर्षांनी पण येऊ शकते, म्हणून खुणा ओळखून ठेवा. हातात बांगड्या असतील तर त्याच सांगतात. रोजच्या बांगड्या एकदम घट्ट वाटायला लागल्या, अंगठी निघेना, ब्लाऊजची बाही रुतायला लागली, हात जड वाटतोय, की लगेच दाखवा, सुरुवातीला धरली तर आवरते. शिंप्याच्या टेपनं महिन्यातनं एकदा दोन्ही हात मोजून लिहून ठेवा, मनगट, कोपराच्या खाली चार बोटं, कोपराच्या वर चार बोटं. सुजेसाठी जो मसाज असतो तो शिकलेल्या थेरपिस्टकडनंच, आणि तो इतका हलका असतो की बायकांना वाटतं हे काय केलं, नुसतं मोरपीस फिरवल्यासारखं, पण रस कातडीच्या अगदी खालीच असतो, जोरात दाबलं तर उलट वाट बंद होते. सूज आवरायला घालतात ती मापाची घट्ट बाही पण त्यांच्याकडनंच मापून घ्या, दुकानातनं अंदाजानं नको.

पूर्वी सांगायचे त्या हातानं काही उचलायचंच नाही. अमेरिकेत २००९ साली आलेल्या एका अभ्यासात सूज असलेल्याच बायकांना देखरेखीखाली अगदी हळूहळू वाढवत वजनं उचलायला दिली, तर सूज वाढली नाही, त्रास उलट कमी झाला. म्हणजे कणीक मळणं, भाकरी थापणं, लहान कळशी, हे सगळं परत येतं, पण पायरीपायरीनं, पहिल्याच महिन्यात विहिरीचं पाणी ओढायला जाऊ नका. खानापूर भागातल्या भात लावणीला जाणाऱ्या, भांगलणीला जाणाऱ्या बायकांना एक कळकळीनं सांगते, त्या हाताला साधं खरचटलं तरी धुवा आणि मलम लावा, विळा धरताना हातमोजा घाला, भेगा पडू देऊ नका, रात्री खोबरेल लावा. हात लाल, गरम झाला, ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर, उद्यावर नाही, लेप लावून बघत बसू नका. आणि वजन. ऑपरेशन झालंय म्हणून माहेरनं डिंकाचे लाडू येतात, तुपातला शिरा येतो, आणि बाई दोन महिन्यात सात किलो वाढते, जास्तीच्या वजनानं सूज यायची शक्यता पण वाढते. नाचण्याची आंबील, भाकरी, पालेभाजी, कडधान्य, अंडं, दूध, आपलं नेहमीचंच जेवण बरं.

योगाबद्दल लोक दोन टोकं धरतात, एक म्हणतात योगानं कॅन्सर जातो, दुसरे म्हणतात ऑपरेशन झालंय आता कसला योग. दोन्ही नाही. आपल्याच कर्नाटकात बंगळूरच्या स्वामी विवेकानंद योग संस्थेच्या लोकांनी स्तनाच्या कॅन्सरच्या बायकांवर ऑपरेशन, केमो आणि करंटच्या काळात योगाचे अभ्यास केलेत, त्यात चिंता कमी झाली, केमोची मळमळ कमी झाली असं दिसलं. हा योग म्हणजे टीव्हीवरचा घाम काढणारा नाही. सावकाश हालचाली, श्वास, शवासन. पहिल्या महिन्या-दीड महिन्यात सूर्यनमस्कार नको, हातावर भार येईल असं कुठलंच आसन नको, कपालभाती नको, श्वास कोंडून धरणं नको. भ्रामरी करा, तिच्यानं छातीत जी हलकी थरथर होते ती फार बरी वाटते.

रात्री झोप येत नसेल तर मी करते ते असं. पाठीवर झोपायचं, दुखऱ्या हाताखाली ती उशी, गुडघ्याखाली एक वाकळ घडी करून. एक हात पोटावर. नाकानं श्वास घेताना पोट वर आलं पाहिजे, छाती नाही, चार आकडे घ्यायचा आणि सहा आकडे सोडायचा. मग पायाच्या अंगठ्यापासनं सुरू करून एकेक अवयव मनात म्हणत सैल सोडायचा, घोटा, पोटरी, गुडघा, मांडी. छातीपाशी आलं की बऱ्याचजणी तो भाग टाळून पुढं जातात, मी पण जायचे. टाळू नका, तिथं पण तेवढाच वेळ. ड्रेसिंग बदलताना, सुई टोचताना पण हाच लांब श्वास कामाला येतो. भजनी मंडळात जाणाऱ्यांनी मंडळ सोडू नका, टाळ दुसरीला द्या पण बसा, संगीतानं मन शांत होतं हे आता डॉक्टर पण मानतात.

थकवा आला की झोपून राहावं वाटतं, आणि झोपून राहिलं की थकवा वाढतो. पहिल्या आठवड्यात अंगणात पाच मिनिटं, मग दहा, मग हळूहळू अर्धा तास. मी टिळकवाडीत व्हॅक्सीन डेपोला सकाळी जायची, झाडी आहे, ट्रॅफिक नाही, आणि चालणाऱ्या बायका ओळखीच्या होतात. हात सोडून चाला, छातीशी धरून नाही.

मळमळीला एक दाबायची जागा आहे. मनगटाची रेघ असते तिथनं आपली तीन बोटं मागं, हाताच्या आतल्या बाजूला, दोन दोरीसारख्या कडक शिरांच्या मधोमध. अंगठ्यानं दोनतीन मिनिटं दाबायचं, कळ येईल इतकं नाही. ऑपरेशन न झालेल्या हातावर करा. केमोच्या उलटीच्या गोळ्या मात्र याच्यासोबत घ्यायच्याच.

ॲक्युपंक्चर म्हटलं की सुया, बायका घाबरतात. लेट्रोझोल, ॲनास्ट्रोझोल अशा हॉर्मोन कमी करणाऱ्या गोळ्या चालू असल्या की सकाळी उठताना बोटं आणि गुडघे धरतात, त्या दुखण्यावर ॲक्युपंक्चरचा उपयोग होतो असं २०१८ साली २२६ बायकांवरच्या अमेरिकन अभ्यासात दिसलं, आणि २०२२ साली तिथल्या कॅन्सर डॉक्टरांच्या संघटनेनं दुखण्याच्या मार्गदर्शनात ते घेतलं पण. करायचं तर शिकलेल्या माणसाकडनं, सुया पाकिटातल्या, एकदाच वापरायच्या, ऑपरेशनच्या बाजूच्या हातात नाही, आणि केमो चालू असेल तर आधी रक्ताचा रिपोर्ट दाखवून.

आता ज्याच्यावर मला सगळ्यात जास्त भांडावं लागतं ते. काढे, पावडरी, अर्क, कॅप्सूल. भाजीतली हळद खा, दुधातली चिमूट पण खा. पण हळदीच्या कॅप्सूल वेगळ्या, त्यात अर्क इतका असतो की टॅमोक्सिफेनचं, म्हणजे हॉर्मोनवर वाढणाऱ्या कॅन्सरला देतात त्या गोळीचं, काम कमी होऊ शकतं, असं अभ्यासात दिसलंय. अश्वगंधानं काहींच्या लिव्हरला त्रास झालाय. शतावरी, ज्येष्ठमध यांचं हॉर्मोनसारखं काम असू शकतं, आणि आपला कॅन्सर हॉर्मोनवर वाढणारा असेल तर ते विचारल्याशिवाय नकोच. भस्मांमध्ये शिसं, पारा सापडलेला आहे. "आयुर्वेदिक आहे, साईड इफेक्ट नाही," हे वाक्य घरात कुणी म्हटलं की ती डबी उचला आणि पुढच्या अपॉईंटमेंटला पिशवीत घालून न्या, डॉक्टरांपुढं ठेवा. ओरडतील म्हणून लपवू नका. टॅमोक्सिफेननं अंगातनं वाफा येतात, त्याला सुती कपडे, उशाशी पंखा, रात्रीचा तिखट रस्सा आणि गरम चहा कमी, एवढ्यानं बरंच सुसह्य होतं. नाही झालं तर सांगा, त्याला पण औषधं आहेत, पण दुसऱ्या कुणाच्या गोळ्या घेऊ नका, काही गोळ्या टॅमोक्सिफेनच्या आड येतात.

एका बाजूचं वजन गेलं की मान आणि पाठ एका अंगाला ओढतात, हे कुणी सांगतच नाही. सुरुवातीला कापसाचं हलकं पॅड ब्लाऊजला आतनं खिसा शिवून घाला. व्रण पूर्ण बरा झाल्यावर, साधारण दोन महिन्यांनी, वजनाचं लागतं, सिलिकॉनचं महाग वाटलं तर मऊ कापडाच्या पिशवीत राळे भरून दुसऱ्या बाजूच्या अंदाजानं वजन करा, मी वर्षभर तेच वापरलं. पावसाळ्यात राळे बदलत राहा, दमट होतात.

घरातल्या पुरुषांना एकच सांगते. व्रण बघायला लागेल तेव्हा तोंड फिरवू नका. बाकी काही नाही बोललात तरी चालेल.

आणि शेवटचं, फक्त आपल्या सीमाभागातल्या बायकांसाठी. बेळगावला, हुबळीला वॉर्डात रात्री जी सिस्टर असते तिला मराठी येईलच असं नाही, आणि आपल्या कितीतरी जणींना कन्नड येत नाही, मग बाई दुखतंय ते सांगतच नाही, सकाळी मुलगा येईपर्यंत गप्प पडून राहते. एवढी वाक्यं चिठ्ठीवर मराठी अक्षरात लिहून फाईलला टाचून ठेवा. दुखतंय, "नोवु ऐतिरी." हाताला सूज आलीय, "कैगे बावु बंदैतिरी." ताप आलाय, "ज्वर बंदैतिरी." हात लावला तर कळत नाही, "मुट्टिद्र गोत्तागंगिल्लरी." आणि सुई किंवा बीपीचा पट्टा शक्यतो दुसऱ्या हाताला घ्यायचा असतो म्हणून ऑपरेशनच्या बाजूचा हात दाखवून, "ई कैगे सूजि ब्याड्री."